हवेची नळी

करंजपाडा, ता. मुरबाड
९ ऑक्टोबर २०२४

मामा,

तुला आणि मामीला नमस्कार. खुशाली शेवटी लिहीन, कारण आत्ता डोक्यात एकच गोष्ट आहे. आपली जीप डिझेल घेत नाही.

म्हणजे घेते, पण लहान पोर कडू औषध घेतं तशी. नोझल लावलं की थोडं जातं आणि खट्‌ करून बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा खट्‌. पूर्वी मुरबाडच्या पंपावर टाकी भरेपर्यंत माझी जेमतेम पुढची काच पुसून व्हायची. आता पाच लिटरला दहा मिनिटं जातात. मागे रिक्षा, टेम्पो, सगळे हॉर्न मारत उभे. परवा पंपावरचा सुनिल म्हणाला, "ताई, तुमची गाडी बाजूला लावा, नायतर मालक मलाच बाजूला लावील." म्हणून मी पाच लिटर घेते आणि निघते. दिवसभर पॅसेंजर नेऊन संध्याकाळी घरी आले की लाल दिवा लागलेला असतो. शिवाय टाकीपाशी डिझेलचा वास येतो. दोन आठवडे झाले हे चाललं आहे.

तुला वाटेल, पाच लिटर तर पाच लिटर. पण माझी नणंद रविना बाळंतपणाला आली आहे. मागच्या वर्षी सासरी तिचं बाळ सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा गाडी मिळेपर्यंत तीन तास गेले होते. या वेळी सासूबाईंनी तिला इथे आणून ठेवलं ते आपल्या दारात गाडी आहे म्हणून. डॉक्टरीणबाईंनी नोव्हेंबरच्या मध्यावरची तारीख दिली आहे, पण आधीही होऊ शकतं आणि तालुक्याला नाही जमलं तर ठाण्याला न्यावं लागेल, असं बजावलं आहे. पाड्यापासून दवाखाना एकतीस किलोमीटर. वाटेत पंप नाही, पाड्यात दुसरी गाडी नाही, आणि अँब्युलन्स बोलवायची तर आधी टेकडीवर चढून नेटवर्क शोधायचं. नवरा म्हणावा तर शेखर वाशिंदला कंपनीत, तो शनिवारी येतो. म्हणजे वेळ आली तर गाडी काढणार मी, आणि टाकीत असणार तळाला पोचलेलं डिझेल. मला झोप लागत नाही.

तुला फोन करावा तर ऐकू येत नाही. मामीला सांगावं तर ती जेवलीस का विचारते आणि टाकीचं विसरते. तुझ्या त्या बटणांच्या फोनवर मेसेज पाठवले तर तू ते वाचत नाहीस. मी घेऊन दिलेलं कानाचं मशीन लावलंस तर ही लिखापढी करावी लागणार नाही. महिपत कंडक्टरच्या हाती पत्र देते आहे. शहापूरची गाडी सापगावला थांबेल तेव्हा तो देईल.

खुशाली ठीक आहे.

अनिता


सापगाव, दसरा

अनिता,

तुझं पत्र आलं तेव्हा मी हत्यारांची पूजा करत होतो. पाने, पक्कड, मोठा स्क्रू-ड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू लावून झालं होतं. महिपतने गाडीतूनच पाकीट दिलं आणि तोंडाने काहीतरी बोलला. मी मान हलवली. काय बोलला ते देव जाणे.

कानाचं मशीन बिघडलं आहे. सेल बदलून पाहिले, चालत नाही. तो विषय पुन्हा काढू नकोस.

तीस वर्षं डेपोच्या वर्कशॉपमध्ये मी गाड्या कानाने दुरुस्त केल्या. बॉनेट उघडायच्या आधी सांगायचो, याचं अमुक गेलंय. आता ते राहिलं नाही. म्हणून तू माझे कान हो. पुढच्या वेळी डिझेल भरताना खाली वाकून नीट ऐक आणि जसा आवाज येईल तसा लिही. 'कसातरीच आवाज येतो' असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तोवर एवढं कर. नोझल पूर्ण आत घालायला देऊ नको, दोन बोटं बाहेर ठेवायला सांग, आणि घोडा अर्धाच दाबायला लाव. हळू भरेल, पण भरेल.

बाकी तू वासाचं लिहिलंस त्यावरून माझ्या लक्षात आलं आहे. झाकणाचं रबर गेलेलं असणार. सैल झाकणातून धूळ जाते, धुळीने तोंडातली जाळी तुंबते, मग डिझेल आत जाईल कसं? तुझ्या उत्तराची वाट कशाला पाहायची, म्हणून शहापूरला जाऊन नवं झाकण आणलं. किल्लीचं आहे, एकदम घट्ट. सोबत पाठवतो आहे. जाळी धुऊन घे आणि हे लाव. जुनं टाकून दे.

काळजी करून गाडी सुधारत नाही. जेवत जा.

काळूराम


करंजपाडा
१७ ऑक्टोबर

मामा,

जाळी धुतली. तिच्यात धूळ नव्हती. झाकण लावलं, वास गेला, पण टाकी पहिल्यापेक्षा हट्टी झाली आहे. आज पाच लिटरला पंधरा मिनिटं लागली. सुनिल आता मला लांबून बघितलं की दुसऱ्या पंपाकडे तोंड करून उभा राहतो.

आवाज लिहिते. पहिल्यांदा धार जाते ती ठीक. मग आत गुडगुड होतं, भरलेल्या बाटलीत आणखी पाणी ओतावं तसं. मग फेस वर येतो आणि खट्‌. नोझल काढलं की आतून एक ढेकर येते. ढेकरच, मामा, दुसरा शब्द नाही. मग पुन्हा तेच. सुनिल विचारत होता, ताई टाकीला कान लावून काय करता. मी म्हटलं, मामाची ड्युटी.

घरातही मन लागत नाही. सासूबाईंचं काहीतरी बिनसलं आहे. हल्ली रोज जीपच्या मागच्या उजव्या चाकापाशी पाट टाकून तांदूळ निवडत बसतात. काल गाडी धुवायला काढली तर म्हणाल्या, "तिकडं पाणी मारू नको गो." का विचारलं तर तांदूळ पाखडायला लागल्या. बाईमाणसाने गाडी चालवणं त्यांना कधीच पटलं नव्हतं, बारा वर्षांत मला हे पाठ झालं आहे. आता लेक माझ्या गाडीत बसणार म्हणून जास्तच डाचत असेल. रोज तिथे त्यांना बसलेलं बघून माझं डोकं फिरतं.

रविना बरी आहे. दिवसातून चारदा विचारते, "वयनी, गाडी भरली का?" मी हो म्हणते.

अनिता


मुरबाड स्टँडवरून
२१ ऑक्टोबर

मामा,

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं लिहिते आहे, कारण आज गाडी बंद पडली. रविना आत असताना.

तपासणीला निघालो होतो. रविना मागे, सासूबाई तिच्या शेजारी. पाड्याची चढण अर्धी चढलो आणि गाडी दोनदा आचके देऊन थांबली. स्टार्टर मारला, नुसतं कर्रर्र. डिझेल होतं, आदल्या दिवशी कॅनमध्ये आणलेलं पाच लिटर मी सकाळीच टाकलं होतं. तरी म्हटलं डोळ्यांनी बघावं, म्हणून झाकण उघडलं. उघडताच सुस्स्‌ असा आवाज झाला. आतून बाहेर नाही, बाहेरून आत. बराच वेळ. हात धरला तर तळव्याला ओढ लागत होती. मग झाकण लावून स्टार्टर मारला तर गाडी पहिल्या झटक्यात चालू. आठ किलोमीटर गेलो आणि पुन्हा तेच. आचके, बंद, झाकण, सुस्स्‌, चालू.

रविना रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिने फक्त पोटावर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली. ते जास्त वाईट होतं. सासूबाई खिडकीतून मागच्या चाकाकडे बघत होत्या.

शेखरला फोन केला. म्हणाला, ती जीप उभी करून ठेव, आपण आटगावच्या कुणाची तरी गाडी सांगून ठेवू. आटगावची गाडी पाड्यावर येईपर्यंत काय होईल ते त्याला बसल्या जागी कसं कळणार?

मामा, ही गाडी मी उभी करणार नाही, पण मला ती आता भरवशाची वाटत नाही. लवकर लिही.

अनिता


सापगाव
२३ ऑक्टोबर

अनिता,

तुझी दोन्ही पत्रं मला काल संध्याकाळी एकदम मिळाली. महिपत तीन-चार दिवस रजेवर होता, पहिलं त्याच्याच बॅगेत पडून राहिलं होतं.

ते झाकण ताबडतोब काढ. जुनं टाकून दिलं नसशील तर ते लाव. दिलं असशील तर फडकं बांध. चूक माझी आहे.

टाकीला दोन वाटा असतात. एकीतून डिझेल जातं, दुसरी हवेची. डिझेल आत शिरतं तेव्हा आतली हवा बाहेर जायला पाहिजे, आणि इंजिन डिझेल ओढतं तेव्हा बाहेरची हवा आत यायला पाहिजे. तुझी हवेची नळी बुजली आहे. म्हणून टाकी गुडगुडत होती आणि ढेकर देत होती. वास येत होता तोही म्हणूनच. हवेला दुसरी वाट नव्हती, ती सैल झाकणातून निघत होती. त्या सैल झाकणावरच गाडी चालली होती, आणि मी शहाण्याने घट्ट झाकण पाठवून तिचं तोंडही बंद केलं. इंजिन डिझेल ओढत राहिलं, टाकीत हवा येईना, गाडी घुसमटली. तुझ्या सुस्स्‌ शब्दाने मला हे सगळं सांगितलं. तो आवाज मी शिकाऊ पोरांना शिकवायचो.

मागच्या उजव्या चाकाच्या वर, आतल्या बाजूला, टाकीवरून एक काळी रबरी नळी येते. काठीच्या मुठीसारखी खाली वळलेली असते. अंगठ्याएवढी जाड. तिचं तोंड बघ. तार घालून टोचू नकोस, घाण टाकीत जाईल. दोन क्लिपा सैल केल्या की नळी अख्खी निघते. दोन हात नवी नळी सोबत पाठवतो आहे. तीच जोडून टाक आणि तोंडाला बारीक जाळी बांध.

रविनाला सांग, गाडीत दोष नव्हता. दोष सापगावला होता.

काळूराम

अनिता, मी मामी. हे पाकीट बंद करायचं काम माझ्याकडे आहे म्हणून लिहिते. मशीन बिघडलेलं नाय. कपाटात डब्यात आहे, दोन वर्षं. जेवतेस ना? सकुबाई


करंजपाडा
२७ ऑक्टोबर

मामा,

जुनं झाकण मी टाकलं नव्हतं. तुझं सगळंच ऐकते असं नाही.

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी गोणपाट टाकून गाडीखाली गेले. नळी सापडली. तिचं तोंड दिसत नव्हतं. तिथे मातीचा गोळा होता, वाळलेला, गुळगुळीत, बोटाने लिंपल्यासारखा. मी पान्याने ठोकणार, तेवढ्यात माझ्या पायाला सासूबाईंचा हात लागला.

"हात काढ गो. कुंभारीण हाय तिथं."

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची काळी माशी, मातीचं घर करणारी. मी तशीच आडवी पडून विचारलं, "तुमाला माहीत होतं?"

"पितरपंधरवड्यापासून बघते मी. मोरीजवळची माती तोंडात धरून येते न्‌ तिथं लिंपते. घरात पोटुशी बाय आसली का तिचा घर मोडायचा नाय."

"आई, ही गाडीची श्वासाची नळी, ती बुजली म्हणूनच गाडी बंद पडली. रविना आत होती."

"मला काय म्हाईत त्या नळीनं गाडी श्वास घेते म्हणून," त्या म्हणाल्या. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. "मागच्या साली तिच्या सासूनं चौकटीतला कुंभारणीचा घर झाडूनं पाडला. आठ दिवसांत पोर गेला. तू शिकलेली, तुला हसाया येल. मला नाय येत."

मला हसू आलं नाही, मामा. महिनाभर मी समजत होते की ही बाई माझ्या गाडीवर पाळत ठेवून बसली आहे. ती लेकीचं घर राखत बसली होती. आणि तेच घर आमच्या गाडीचा गळा दाबत होतं. राग कोणावर काढावा ते मला कळेना. मी बाहेर आले, हात पुसले आणि म्हटलं, "मोडायचं नाय ना? मग हलवते. हिचं घर नळीसकट काढते, एक कण पाडणार नाय. चालेल?"

त्यांनी बराच विचार केला. रविना उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "आये, मी तरी कुठं सासरी हाय? मीबी हललेच ना." त्यावर सासूबाईंनी पदर खोचला.

क्लिपा मी सोडल्या, नळी त्यांनी धरली. दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन. पडवीच्या वाशाला सुतळीने आडवी बांधली आहे. कुंभारीण काही पुन्हा आली नाही. सासूबाई म्हणतात तिचं काम झालं, आता आतलं वाढेल. नवी नळी लावली, तोंडाला चहाच्या गाळणीची जाळी कापून बांधली. गाळणी गेली म्हणून मीच घरात बोलणी खाल्ली.

आज पंपावर गेले. आवाज लिहिते. आधी रिकाम्या हंड्यात पाणी पडावं तसा घुम्म. मग एकसारखी धार. आणि मागच्या चाकापाशी नव्या नळीतून हलकासा हाऽऽ. एकदाही खट्‌ झालं नाही. अठ्ठेचाळीस लिटर. सुनिल म्हणाला, "ताई, आज काच नाय पुसली?" खरंच, मी फडकं हातात घेऊन नुसती ऐकत उभी होते.

आता तुझ्या पत्रातल्या मामीच्या ओळींबद्दल. त्यावर मी काही लिहिणार नव्हते, पण राहवत नाही. दोन वर्षं तू मला खोटं सांगितलंस. मी टेकडीवर जाऊन तुला फोन करू शकले असते. चढणीवर अडकले त्या दिवशी मला तुझं पत्र नको होतं, तुझा आवाज हवा होता.

अनिता


मुरबाड
१० नोव्हेंबर

मामा,

पंधरा दिवस तुझी ओळ नाही. रागावला असशील. रागाव. पण हे वाच.

शुक्रवारी आम्ही सगळे भातकापणीला. सासूबाई रविनाजवळ घरी. साडेअकराला शेजारची मनाली बांधावरून धावत आली, म्हणाली कळा सुरू झाल्या. मी विळा टाकून तशीच निघाले, पायाला चिखल. तारखेला अजून आठवडा होता.

टाकी पाऊण भरलेली होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. चढण आली तशी मी गिअर उतरवला. सगळं अंग कान झालं होतं. रविना मागे कण्हत होती आणि मी इंजिन ऐकत होते. आचका आला नाही. एकतीस किलोमीटर गाडी एकदाही थांबली नाही.

दवाखान्यात अर्ध्या तासात मोकळी झाली. दार अर्धं उघडं होतं, मी आणि सासूबाई बाहेर. सिस्टर म्हणाली, मुलगी. आणि मग काहीच नाही. रडणं नाही. सिस्टरने तिला पालथं धरलं, पाठ चोळली. काही नाही. मुलगी निळसर दिसत होती. सासूबाईंनी माझं मनगट धरलं, अजून वळ आहे.

मग सिस्टरने एक बारीक नळी घेतली, तिच्या नाकातोंडात घालून आतलं ओढून काढलं. आधी बारीक गुडगुड आवाज आला. मामा, तोच आवाज, मी ओळखला. मग सुस्स्‌. आणि मग ती रडली.

सासूबाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. "नळी मोकळी केल्यान गो," एवढंच म्हणत राहिल्या, पुन्हा पुन्हा. मग म्हणाल्या, "मी बुजवून ठेवली होती." मी त्यांना म्हटलं, तुमीच तर धरून उतरवलीत. आम्ही दोघी तिथे बसून रडलो, आणि सिस्टर ओरडली की वाट सोडा.

दोन किलो सातशे. दोघी बऱ्या आहेत, उद्या घरी नेणार. काल घरी जाऊन आले, तर पडवीतल्या मातीच्या घराला एक बारीक भोक पडलेलं दिसलं. आतलं उडून गेलं.

तू म्हणाला होतास, जसा आवाज येईल तसा लिही. मुलगी रडली तो आवाज लिहायला मी चारदा बसले. जमत नाही. हा आवाज मी लिहून पाठवणार नाही. तुला हवा असेल तर तू ये.

अनिता


सापगाव
१३ नोव्हेंबर

अनिता,

रागावलो नव्हतो. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

तू मशीन घेऊन दिलंस तेव्हा पहिल्याच दिवशी लावलं होतं. कुकर, कावळे, शेजारचा टीव्ही, सगळं एकाच मापाने कानावर आदळलं. ओटीवरून ऐकलं तर रस्त्यावरची गाडी आणि घरातला मिक्सर यातला फरक मला कळेना. मला, काळूराम मिस्त्रीला. लाज वाटली. डब्यात टाकलं आणि सगळ्यांना सांगितलं, बिघडलं. मशीन बिघडलं म्हणणं सोपं असतं, माणसाला मान खाली घालावी लागत नाही.

त्या लाजेपायी तुम्ही चढणीवर अडकलात. मशीन कानात असतं तर तू फोन केला असतास, मी चार प्रश्न विचारले असते आणि झाकण पाठवलं नसतं. तुझं ते पत्र आल्यापासून मी रोज सकाळी मशीन लावून सापगावच्या थांब्यावर जाऊन बसतो आहे. पहिले चार दिवस डोकं ठणकलं. मामी म्हणाली, सोडा. सोडलं नाही. नवव्या दिवशी वळणापलीकडे गाडी होती, दिसत नव्हती, आणि मी म्हटलं ही महिपतची. त्याचीच निघाली. त्याच्याशी पाच मिनिटं बोललो. दसऱ्याला तो गाडीतून काय बोलला होता ते विचारलं. म्हणाला, "काका, नीट दिसत नसेल तर मी वाचून दाखवू का, असं विचारत होतो."

शनिवारी त्याच्याच गाडीने येतो. मामी लाडू घेऊन येते आहे. स्टँडवर जीप घेऊन ये, आणि टाकी भरून ठेवू नकोस. जाताना पंपावर भरू. मला तेही ऐकायचं आहे.

तुझ्या सासूबाईंना सांग, ती जुनी नळी वाशाला तशीच राहू दे.

आणि आम्ही पोचू तेव्हा मुलगी झोपलेली असली तर माझ्यासाठी तिला उठवू नका. रडायचं तेव्हा रडेल. मी पडवीत बसून राहीन.

काळूराम